बाबांच्या हातातलं फूल

माझ्या भावाने आमच्या मेलेल्या बापाच्या हातात जिरेनियमचं फूल खोचलं. खिडकीतल्या कुंडीतून तोडलेलं, लाल, अर्ध्या पाकळ्या गळालेलं. आणि वर मलाच म्हणाला, "बाबांनी फूल मागितलं होतं ना? दिलं फूल."

हे लिहिताना माझ्या पेनाने दोनदा कागद फाडला, आणि तो म्हातारपणाने नव्हे. लोक म्हणतात, सावेता, आता जाऊ दे, सख्खा भाऊ आहे. सख्खा आहे म्हणूनच जाऊ देता येत नाही. परक्याने फसवलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

काव्निक या आमच्या खाणीच्या गावात 'फूल' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बागेतल्या फुलांना आम्ही त्यांच्या नावाने बोलावतो, गुलाब, शेवंती, जिरेनियम. नुसतं 'फूल' म्हटलं की ते खाणीतलं. डोंगराच्या पोटात खडकाला पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत, जिथे कधी उजेड शिरला नाही तिथे, स्फटिक उगवलेले असतात. कुठे सुयांसारखे, कुठे चौकोनी, कुठे आरशासारखे काळे. खाणकामगार ते जेवणाच्या पिशवीत, बुटात, सदऱ्याच्या आत लपवून वर आणायचे. फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही त्यातलं एखादं द्यावं लागायचं. गावातलं एकही घर असं नाही जिथे कपाटावर, क्रोशाच्या रुमालावर फूल ठेवलेलं नाही. नव्या नवरीला फूल, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला फूल, पोरगा काठावर पास झाला की मास्तरांना फूल. शहरातले संग्राहक त्यांना 'नमुने' म्हणतात. म्हणोत बापडे. कुणी 'दगड' म्हणालं तर मात्र आमचे म्हातारे तोंड फिरवून बसतात.

ग्लिगोर, माझा धाकटा भाऊ, याच गावात जन्मला, याच गावात टक्कल पडेपर्यंत राहिला. इतकंच नव्हे, तो फुलांवरच जगतो. गावोगावच्या खनिजांच्या जत्रांत टेबल मांडून फुलं विकतो. त्याला 'फूल' या शब्दाचा अर्थ कळला नाही, असं कुणी मला सांगू नये.

आमचे बाबा, गाव्रिल, खाण बंद होईपर्यंत खाणीत होते. तिची धूळ शेवटपर्यंत त्यांच्या छातीत होती. श्वास घेताना आत कुणी वाळू चाळतंय असा आवाज यायचा. त्यांनी शेकडो फुलं वर आणली. बरीच विकली, बरीच वाटली. ती साफ करायचं काम माझं. मागच्या पायरीवर बसून मऊ ब्रश, लाकडाच्या काड्या आणि पाण्याचं घमेलं घेऊन मी तासन्‌तास चिखल काढत बसायची. ग्लिगोरही शेजारी बसायचा, पण त्याला घाई. तो काडी जोरात घालायचा आणि टोक उडवायचा, मग दोष मीच माझ्या अंगावर घ्यायची. कोणत्या फुलाला व्हिनेगर चालतं, कोणत्याला नुसतं पाणी, हे मला बाबांनी शिकवलं. गुलाबीला आंबट अजिबात लावायचं नाही. ते मऊ असतं, खपली धरतं, मग चमक जाते ती कायमची.

त्यांनी कधीही न विकलेलं एकच फूल होतं आणि ते गुलाबीच होतं. तळहातभर रुंद, त्यावर वाटाण्याएवढे गुलाबी गोळे दाटीने बसलेले, मधूनमधून पांढऱ्या पारदर्शक सुया उभ्या, आणि एकाच बाजूला पिवळ्या चमचमत्या कणांचा शिडकावा. तो एकाच बाजूला का, तर पोकळीत ती बाजू वर होती, छताकडून जे झडलं ते तिच्यावर बसलं. "सावे, फूल कधी उलटं ठेवायचं नाही, त्याला चक्कर येते," बाबा म्हणायचे. त्यांच्यात गंमत होती, तेवढीच. लाड त्यांनी माणसांचे कधी केले नाहीत.

संग्राहक आमच्या घरी यायचे ते त्या फुलासाठी. चहा प्यायचे, होरिंकाचा पेला रिकामा करायचे, घरच्या दारूची स्तुती करायचे आणि नजर सगळी कपाटावर. बाबा म्हणायचे, "ते माझं नाही." पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा भाव वाढवतोय. ते आणखी मोठा आकडा सांगायचे. बाबा पुन्हा तेच सांगायचे आणि खोकत उठून जायचे.

ते कुणाचं होतं, हे आम्हा दोघांना गेल्या हिवाळ्यात कळलं. बाबा अंथरुणातून उठत नव्हते. मी उशाशी, ग्लिगोर पायाशी. बाबांनी आम्हाला बसवून घेतलं आणि तुकड्यातुकड्यांनी, मध्ये दम खात सांगितलं.

लायोशकाका त्यांचा जोडीदार होता. हंगेरियन, उंच, काटकुळा, लांब हातांचा. एका शिफ्टला सुरुंग उडाल्यावर समोरच्या भिंतीत पोकळी उघडली आणि दिव्याच्या उजेडात आत गुलाबी चमकलं. छताला अजून टेकू लागले नव्हते. थांबायला हवं होतं. दोघेही थांबले नाहीत. लायोशकाकाचा हात लांब, म्हणून तो खांद्यापर्यंत आत शिरला, छिन्नीने हळूहळू फूल सुटं केलं आणि मागे बाबांच्या हातात दिलं. म्हणाला, "धर, तुटू देऊ नकोस." आणि छत खाली आलं.

"माझ्या दोन्ही हातांत फूल होतं," बाबा म्हणाले. "त्याला ओढायला हात मोकळे हवे होते. मी आधी फूल खाली ठेवलं. टाकलं नाही रे. ठेवलं. जागा बघून, हळूच ठेवलं."

मग ते खूप वेळ खोकले. ग्लिगोर खिडकीबाहेर बघत होता.

बाबांनी ते फूल नंतर लायोशकाकाच्या बायकोकडे, इलोनामावशीकडे नेलं होतं. तिने दारातूनच परत पाठवलं. म्हणून ते आमच्या कपाटावर आलं आणि तिथेच राहिलं.

"मी गेलो की माझं फूल माझ्या हातात द्या," बाबा म्हणाले. "तिकडे लायोश भेटेल. त्याला देऊन टाकतो. रिकाम्या हाताने मी त्याच्यासमोर कसा उभा राहू?"

"हो बाबा," ग्लिगोर म्हणाला. "फूल तुमच्या हातात देऊ. शपथ घेतो." माझ्यासमोर म्हणाला. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं, हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वसंतात एक दिवस आमच्या अंगणात पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली. नवी कोरी. ग्लिगोर तिच्याभोवती फडकं घेऊन फिरत होता. बाबांनी खिडकीतून विचारलं, "कुणाची रे?" तो म्हणाला, "माझी. जत्रांना बरी पडेल." बाबा म्हणाले, "छान आहे." मी विचारलं, कुठून आणलीस, तर म्हणाला, सगळं तुला सांगायलाच हवं का? मी मूग गिळून बसले. घरात आजारी माणूस असताना कोण भांडण काढणार.

बाबा गेले ते त्यानंतर लगेचच, सकाळी, दूध उकळत असताना.

आमच्याकडे मेलेलं माणूस घरातच ठेवतात, मधल्या खोलीत, टेबलावर शवपेटीत, उशाला मेणबत्त्या. लोक येत राहतात. मी स्वयंपाकघरात बायकांबरोबर कोबीच्या पानांत भात-मटण गुंडाळत होते, गोड गहू शिजवत होते. बाबांना न्हाऊ घालणं, काळा कोट चढवणं, हात छातीवर जुळवणं, हे ग्लिगोरने अंगावर घेतलं. मुलाचंच काम ते. हातांवर त्याने पांढरा रुमाल टाकला. मी कपाटाकडे पाहिलं तर क्रोशाचा रुमाल रिकामा. मधे एक स्वच्छ गोल, भोवती धूळ. मला वाटलं, ठेवलं त्याने. दोन दिवस मी तेच समजून रडत होते.

दफनाच्या दिवशी दुपारी, पाद्री यायच्या आधी, मला एकदा ते फूल डोळे भरून बघायचं होतं. मी रुमाल उचलला.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं झालं. मी ग्लिगोरला शोधत अंगणात आले. तो व्हॅनला टेकून पाहुण्यांना होरिंका ओतत होता.

"फूल कुठेय?"

"हळू बोल, ताई. लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच विचारतेय. फूल कुठेय?"

तेव्हा तो ते वाक्य बोलला. दिलं फूल. आणि हसला. फार नाही, ओठाच्या कोपऱ्यातून. मला वाटतं, हे वाक्य त्याने बरेच दिवस घोळवून ठेवलं होतं. बाबांच्या पायाशी बसून शपथ घेतानाच ते त्याच्या डोक्यात आलं असेल. म्हणून तर खिडकीबाहेर बघत होता.

"शब्दाचा कीस काढतोस? मेलेल्या बापाशी?"

"मी शब्द पाळला. फूल म्हणाले, फूल दिलं. तूच सांग, जगात कुणालाही विचार, फूल म्हणजे काय?"

"जगात नको. या अंगणात विचार. ए दुमित्रुकाका, फूल म्हणजे काय हो?"

दुमित्रुकाकाने पेला तोंडाला लावला आणि पेल्यातच बघत राहिला. खाणीतला जुना माणूस. त्याला सगळं कळलं होतं.

"ताई, ऐक," ग्लिगोर आता माझा दंड धरून गाडीमागे नेत होता. "तो दगड आहे. दगड. मातीत घालून कुणाचं भलं होणारेय? किडे बघत बसणारेत? साहेबांकडे काचेत राहील, खाली बाबांचं नाव लागेल, परदेशातून लोक येऊन बघतील. असं गुलाबी पुन्हा निघणार नाही, खाण पाण्याने भरलीय. जरा डोकं वापर."

"दगड म्हणालास."

"काय?"

"बाबांच्या अंगणात उभा राहून दगड म्हणालास. आणि ही गाडी, साहेबांनी त्याच्या बदल्यात दिलेली? हिला खाली बाबांचं नाव लावणारेस का?"

त्याने माझा दंड सोडला. मग म्हणाला, "आता काही होणार नाही. ते साहेबांच्या गाडीत गेलं." आणि पेले गोळा करायला वळला. त्याची ती पाठ बघून माझ्या हाताला दांडकं लागलं असतं तर आज मी हे घरी बसून लिहीत नसते.

'साहेब' म्हणजे ऑक्टावियन, क्लुज शहरातले वास्तुविशारद, मोठे संग्राहक. वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारे. ते त्या दिवशीही आले होते, मोठं पुष्पचक्र घेऊन, टोपी हातात धरून सफरचंदाच्या झाडाखाली उभे होते. त्यांची गाडी फाटकाबाहेर होती.

घंटा वाजली. पाद्री आले. पण आमच्याकडे झाकण लावण्याआधी एक गोष्ट व्हावी लागते. मेलेल्याला न रडता पाठवत नाहीत. आणि रडायचं म्हणजे नुसतं हुंदके द्यायचे नाहीत, शब्द जोडून, चालीवर, मेलेल्याशी बोलत रडायचं. लेक असेल तर लेकीने. त्या रडण्यात ती काय वाटेल ते बोलू शकते. सासूने छळलं ते, जमीन कुणी लाटली ते, नवरा कुणाकडे जातो ते. मधे कुणी बोलायचं नाही, पाद्रीनेसुद्धा नाही. रडणारीचं तोंड धरणं हे आमच्याकडे पाप आहे. दोन दिवस मी रीतीपुरतं रडले होते. बाबा चांगले होते, बाबांनी घर बांधलं, बाबा आम्हाला सोडून चालले. सगळ्या लेकी रडतात तसंच.

आता मी पेटीच्या कडेला उभी राहिले, काळ्या रुमालाचं टोक डोळ्यांशी धरलं आणि सुरू केलं.

"उठा बाबा, उठा, पाहुणे आले दारी,
अंगणात बघा गाडी नवी कोरी, भारी.
कशाची हो गाडी, बाबा, कुणी दिली मोलानं?
कपाटावर हात मारला तुमच्याच लेकानं."

बायका आधी माझ्याबरोबर मुसमुसत होत्या. मग एकेकीचं मुसमुसणं थांबलं. रडायचं सोडून त्या ऐकायला लागल्या. दारात पुरुषांची गर्दी झाली. मला थांबायचं नव्हतं.

"हात उघडा, बाबा, काय धरलंय बघा,
कुंडीतल्या फुलाचा हा वाळलेला धागा.
लायोशकाका विचारील, माझं फूल कुठंय?
सांगा त्याला, बाबा, पोरगं माझं खोटंय.
शपथ घेतली पायाशी, हसला मनाशी,
जित्या बापाला फसवलं, मेल्यावरही फाशी."

'फाशी' शब्द जुळला म्हणून आला, पण आला ते बरं झालं. ग्लिगोर दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्याने तोंड उघडलं, आणि पाद्रींनी त्याच्याकडे असं बघितलं की ते त्याने मिटलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला मजा येत होती. खरं सांगते, फार मजा येत होती.

मग ऑक्टावियन साहेब गर्दीतून पुढे आले. "ग्लिगोर," ते म्हणाले, "तुम्ही म्हणालात, घरातल्या सगळ्यांची संमती आहे. तुमच्या वडिलांचीसुद्धा."



साहेब बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात लाकडी पेटी होती, आत कापूस, आणि कापसात आमचं फूल. पूर्ण खोलीने श्वास आत घेतला. मेणबत्त्यांच्या उजेडात ते कपाटावर कधी दिसलं नाही इतकं गुलाबी दिसत होतं.

"गाडीचं काय?" ग्लिगोरने विचारलं. बापाच्या पेटीशेजारी उभं राहून त्याने हे विचारलं.

"गाडी राहू द्या तुमच्याकडे," साहेब म्हणाले.

मला त्या माणसाचा चांगुलपणाही सहन होईना. तो लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. मी लाकडी पेटी त्याच्या हातातून घ्यायला गेले, पण त्याने कड सोडली नाही.

"बाई, एकच बोलतो," तो म्हणाला. "तुम्ही हे साफ केलंय, तुम्हाला ठाऊक आहे हे काय आहे. ओल लागली की गुलाबी काळं पडतं. दोन वर्षांत हे राहणार नाही. मला देऊ नका. संग्रहालयात द्या. खाली लायोशचं नाव लावा, तुमच्या वडिलांचं लावा. पण हे पुरू नका. मी विनवणी करतो. हे जमिनीत घालायची वस्तू नाही."

"मग आली कुठून ती?" मी म्हणाले. "आभाळातून पडली? जमिनीतूनच आली ना? तिच्यासाठी एक माणूस जमिनीत गेला, तेव्हा कुणी विनवणी केली नाही ती."

त्याने कड सोडली. त्याचे डोळे भरले होते. फुलासाठी, बाबांसाठी नव्हे. मी ते नीट बघून घेतलं आणि मनात त्याला शिवी दिली.

इलोनामावशी बाबांच्या उशाशी खुर्चीवर बसली होती. ती फारशी बाहेर पडत नाही, पण आली होती. मी फूल तिच्यासमोर धरलं. "मावशी, हे लायोशकाकाचं. पहिला हक्क तुमचा. तुम्हाला हवं तर घ्या, नको तर सांगा."

तिने बघितलंसुद्धा नाही. "मला कशाला? मी तेव्हाच परत पाठवलं. ज्याने ठेवून घेतलं, त्यानेच नेऊन द्यावं," ती म्हणाली. "आणि सावेता, लवकर कर. सगळे उभे आहेत."

मी जिरेनियम उपटून जमिनीवर टाकलं आणि टाचेखाली चिरडलं. बाबांची बोटं ताठ झाली होती. फूल त्यांच्याखाली सरकेना. रुंद होतं, आणि सुया कुठल्याच बाजूने आडव्या करता येत नव्हत्या. मी खालून घालून पाहिलं, बाजूने घालून पाहिलं.  सगळे बघत होते.

"असं नको, ताई," कुणीतरी अगदी जवळून म्हणालं. "तिरकं कर. सुया तुझ्याकडे घे. मी अंगठा उचलतो, तू खालून सरकव."

ग्लिगोर होता. कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याने बाबांचा अंगठा दोन बोटांनी उचलला होता, फार अलगद, आणि दुसरा हात फुलाखाली धरला होता, पडलंच तर झेलायला. त्याचं बरोबर होतं. असंच जाणार होतं ते. आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसून काम करायचो तसा त्याचा आवाज होता.

आणि तेच मला सहन झालं नाही. इतकं सगळं करून हा आता येऊन मला शिकवणार? बाबांच्या अंगठ्याला हात लावणार? लोक म्हणतील, बघा, शेवटी मुलानेच दिलं फूल.

"हात लावू नकोस!" मी ओरडले आणि फूल हिसकलं.

अगदी बारीक आवाज झाला. काच तडकल्यासारखाही नाही, त्याहून लहान. मधली सगळ्यांत लांब सुई बाबांच्या काळ्या कोटावर पडली, आणि तिच्याबरोबर दोन गुलाबी गोळे सुटून पेटीच्या कापडाच्या चुण्यांत घरंगळले.

"आई गं!" असा आवाज खोलीत उमटला. छातीच्या तळापासून निघालेला, ना चाल, ना जुळवलेले शब्द. पुढच्या बायका दचकल्या. मी वर बघितलं, कुणी केला म्हणून. साहेबांचं तोंड बंद होतं. ग्लिगोरचंही बंद होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

दोन दिवस मी बापासाठी रडत होते, जुळवून, चालीवर, गावाने वाहवा करावी असं. त्यात हा आवाज एकदाही आला नव्हता.

ग्लिगोर माझ्याकडे बघत होता. त्याने टोमणा मारला असता, तो कोपऱ्यातून हसला असता, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते आणि सगळं ठीक झालं असतं. पण नाही. त्याने बाबांचा अंगठा तसाच उचलून धरला होता, मी फूल सरकवायची वाट बघत.

मी सरकवलं. मग मागे वळले आणि ओरडले, "काय बघताय सगळे? झाकण लावा! लावा म्हणते ना झाकण!"